दवाखान्यातला सासुरवास

डफरीन चौकातून आपण सगळ्याजणी नेहमी जातो-येतो. कोणी बाजाराला, कोणी मुलांना शाळेतून आणायला. रिक्षावाल्याला "डफरीन चौक" एवढे सांगितले की पुरते. पण हे डफरीन कोण, असे सहसा कोणी विचारीत नाही. लॉर्ड डफरीन हे इंग्रजांचे व्हाइसरॉय होते. त्यांच्या पत्नीने १८८५ साली एक फंड काढला. त्या काळी आपल्याकडच्या बायका पुरुष डॉक्टरपुढे जात नसत. घरातच बाळंत होत आणि पुष्कळजणी घरातच मरत. त्यांच्यासाठी बायकांचे दवाखाने काढावेत आणि बायकांनाच डॉक्टर, नर्स व सुईण म्हणून शिकवून तयार करावे, हा त्या फंडाचा हेतू होता. त्या नावाचे दवाखाने गावोगाव निघाले. आपल्या सोलापुरातही निघाला आणि चौकालाही तेच नाव पडले.

तेव्हा बायकांची शुश्रूषा बायकांनी करावी, ही गोष्ट आपल्या गावाला जुनी आहे. मंडळाच्या ह्या स्मरणिकेत मला त्या शुश्रूषा करणाऱ्या भगिनींविषयीच लिहायचे आहे. त्यांच्या सेवेविषयी पुष्कळ लिहिले जाते. नाइटिंगेलबाईंच्या जन्मदिवशी, १२ मे रोजी, हारतुरेही होतात. मी लिहिणार आहे ते त्यांना होणाऱ्या जाचाविषयी, आणि त्यातही परक्यांनी केलेल्या जाचापेक्षा त्यांच्यातल्याच थोरल्यांनी धाकट्यांना केलेल्या जाचाविषयी. मी सातवी शिकलेली गृहिणी. दवाखान्यात मी कधी नोकरी केलेली नाही. पण सासुरवास म्हणजे काय हे आपणा बायकांना कोणी पुस्तकातून शिकवायला नको, आणि हा विषय त्याच जातीचा आहे.

ह्या गोष्टीचे मूळ शोधू लागले की आधी विलायतेत जावे लागते. शंभर-पावणेदोनशे वर्षांपूर्वी तिकडेही नर्सच्या कामाला मान नव्हता. ज्या बाईला दुसरे काही काम मिळत नाही तिने हे करावे, अशी समजूत होती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्या चांगल्या घरच्या बाई. १८५४ साली क्रिमियाच्या लढाईत ३८ बायकांना घेऊन त्या जखमी शिपायांच्या सेवेला गेल्या. परत आल्यावर १८६० साली त्यांनी लंडनमध्ये नर्सेसची शाळा काढली. आपल्या मुलींकडे कोणी बोट दाखवू नये म्हणून त्यांनी शिस्त फार कडक ठेवली. मुलींनी वसतिगृहातच राहायचे, ठरलेला पोशाख करायचा, आणि सर्वांवर एक मेट्रन असायची. तिचा शब्द अखेरचा. ही शिस्त त्या काळी गरजेची होती. तिच्यामुळेच नर्सच्या कामाला अब्रू आली.

हीच पद्धत पुढे आपल्याकडे आली, आणि आली ती लष्कराच्या वाटेने. १८८८ साली गोऱ्या शिपायांच्या दवाखान्यांसाठी विलायतेहून १० नर्स मुंबईला उतरल्या. लष्करात वरच्याने सांगायचे आणि खालच्याने ऐकायचे, उलट विचारायचे नाही. इंग्रजी अमदानीत इथल्या मोठ्या दवाखान्यांतही मेट्रन गोरी आणि तिच्या हाताखाली शिकणाऱ्या मुली काळ्या, असा प्रकार होता. १८९१ साली मुंबईत बाई काशीबाई गणपत ह्या नर्सचे शिक्षण घ्यायला आल्या. असे शिक्षण घेणारी पहिली हिंदी बाई म्हणून त्यांचे नाव सांगतात. त्यांच्या मनाची तयारी केवढी असेल ह्याची कल्पनाच केलेली बरी.

शिकायला येणाऱ्या मुली तरी कोण होत्या? मिरजेला डॉ. वानलेस यांनी मिशनचा दवाखाना काढला, तिथे पुढे नर्सेसचे शिक्षण सुरू झाले. अशा मिशनच्या दवाखान्यांतून पुष्कळशा गरीब ख्रिस्ती घरच्या मुली ह्या कामात आल्या. इकडे पुण्यात रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी १९०९ साली सेवासदन काढले. तिथल्या विधवा आणि गरजू बायकांना ससून रुग्णालयात नर्सचे काम शिकायला पाठवू लागले. सेवासदनाचे नाव आपल्या सोलापुरातही घरोघर माहीत आहे. म्हणजे ज्यांना माहेर-सासरचा आधार नाही, ज्यांना काम सोडून जायला दुसरी जागा नाही, अशा बायकाच प्रथम ह्या कामात आल्या. माझ्या मते जाचाचे एक कारण इथे आहे. जिला परत जायला घर नाही तिला सासू अधिक छळते, हे आपण आपल्या आळीत पाहिलेले आहे.

दुसरे कारण लोकांच्या मनातले. परक्याचे शरीर पुसायचे, जखमा धुवायच्या, भांडे द्यायचे, आणि रात्री घराबाहेर राहायचे, ह्या कामाला आपण वरवर पवित्र म्हणतो आणि मनातून हलके मानतो. १८९७ च्या प्लेगमध्ये आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेणाऱ्या आणि त्यातच १० मार्च रोजी प्राण गेलेल्या सावित्रीबाई फुल्यांना आपण वंदन करतो. आपल्या गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले. त्यांच्या पत्नी गुओ चिंगलान तिथे परिचर्या शिकवीत, हेही आपण अभिमानाने सांगतो. पण मुलाला स्थळ म्हणून नर्स मुलगी सांगून आली की पहिला प्रश्न निघतो, "रात्रपाळी असते का हो?"

स्वातंत्र्याच्या सुमारास काय स्थिती होती ते भोर समितीने लिहून ठेवले आहे. ही समिती १९४३ साली नेमली गेली आणि १९४६ साली तिने अहवाल दिला. सबंध देशात शिकलेल्या नर्सेस सुमारे ७,००० होत्या. हिशेब केला तर ४३,००० माणसांमागे एक. त्यांच्या राहण्याची आणि कामाची स्थिती वाईट आहे असेही समितीने सांगितले. पुढे १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला, शिक्षणाला नियम आले. नर्सेसच्या नोकरीच्या अटी पाहण्यासाठी १९५४ साली शेट्टी समिती नेमली गेली. १९८७ साली सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक मोठी समिती झाली. आठवड्याला ४० तासच काम असावे, असे तिने सुचविले. तिची आणखी एक सूचना मला फार बोलकी वाटली. दवाखान्यातली वस्तू फुटली किंवा हरवली तर तिचे पैसे नर्सकडून वसूल करू नयेत, असे ती सांगते. भगिनींनो, असे सांगावे लागले, ह्याचा अर्थ ते वसूल होत होते. हातून कपबशी फुटली की सुनेच्या माहेरचा उद्धार होतो, त्याचाच हा सरकारी नमुना समजा.

आता हा जाच दिसतो कसा, ते सांगते. आपल्या राज्यातल्या सरकारी दवाखान्यांत वरपासून खालपर्यंत पायऱ्या आहेत. मेट्रनला अधिसेविका म्हणतात, वॉर्डाच्या सिस्टरला परिसेविका, आणि स्टाफ नर्सला अधिपरिचारिका. त्यांच्याही खाली शिकणाऱ्या मुली. वॉर्डात रुग्ण फार आणि हात थोडे. वरून डॉक्टर रागावतात, बाहेरून नातेवाईक रागावतात. ज्यांच्यावर हा राग निघतो त्यांनी तो कुठे काढावा? वड्याचे तेल वांग्यावर, तसा तो खालच्या पायरीवर निघतो. त्यात मारहाण नसते, म्हणून दाखवायला वळ नसतो. रुग्णांदेखत पाणउतारा करणे, सणावाराला मुद्दाम ड्यूटी लावणे, एकीलाच लागोपाठ रात्रपाळ्या देणे, पाळी बदलताना महत्त्वाची गोष्ट न सांगणे आणि मग चूक झाली की सर्वांपुढे उभे करणे, डबा खाताना तिच्याशी कोणी न बोलणे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

माझ्या बहिणीच्या मुलीने हे भोगले. परगावच्या एका खाजगी दवाखान्यात ती नवी लागली होती. औषधाच्या नोंदीत एक आकडा चुकलेला तिने दाखवून दिला. चूक रुग्णाच्या जिवावरची होती, पण ती वरच्या सिस्टरची होती. त्या दिवसापासून तिचे वाईट दिवस आले. महिन्यात तिच्या वाट्याला रात्रपाळ्याच अधिक. "तुला पास कोणी केले?" हे रोजचे वाक्य. बरोबरीच्या मुली भीतीने तिच्याजवळ बसेनात. घरी ती काही बोलली नाही, कारण तिच्या शिक्षणासाठी वडिलांनी कर्ज काढलेले होते. दिवाळीला माझ्याकडे आली तेव्हा मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत जात होत्या. मी विचारले तर म्हणाली, "मावशी, ड्यूटीची वेळ जवळ आली की मला उलटी होते." हे वाक्य ऐकून माझ्या अंगावर काटा आला, कारण लग्न झालेल्या मुलींच्या तोंडून असे मी ऐकले होते. फरक इतकाच, की त्या सासरी निघताना म्हणत.

तिला वाट दाखविली ती त्याच वॉर्डातल्या एका जुन्या नर्सने. तिने एक दिवस आपला डबा उचलला आणि हिच्याशेजारी येऊन बसली. एवढेच केले. दुसऱ्या आठवड्यात आणखी दोघी बसल्या. मग त्या बाईंनी हिला सांगितले, की जे होईल ते तारीख आणि वेळ घालून वहीत लिही. दोन महिन्यांनी ती वही घेऊन चौघीजणी मिळून मेट्रनकडे गेल्या. फार मोठे काही झाले नाही. कोणाला शिक्षा झाली नाही. पण ड्यूटीचा तक्ता सिस्टरच्या टेबलाच्या खणातून निघून भिंतीवर लागला, आणि रात्रपाळ्या नंबराने लागू लागल्या. निम्मा जाच त्या खणातच होता असे म्हणायचे. पुढे त्या सिस्टरबद्दलही कळले, की त्या शिकत होत्या तेव्हा त्यांना तापातही रात्रभर वॉर्डात उभे केले होते. आपण सोसले, मग हिने का सोसू नये, असे त्यांना वाटत असावे. सासूचे चार दिवस आणि सुनेचे चार दिवस असे आपण म्हणतो. पण सुनेचे दिवस आल्यावर ती पुढच्या सुनेला तेच देते, हे मात्र सांगत नाही.

ही गोष्ट आपल्याच देशातली आहे असे समजू नका. स्वीडन देशात हाइन्झ लेमन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. कामाच्या जागी झालेल्या छळाने जिवाचे बरेवाईट करून घेतलेल्या किंवा तसा प्रयत्न केलेल्या नर्सेसची त्यांनी १९८० नंतरच्या वर्षांत चौकशी केली. मुलगी नाजूक होती म्हणून असे झाले, असे लोक म्हणत. लेमन म्हणाले, दोष मुलीच्या स्वभावात शोधू नका, कामाची मांडणी कशी आहे ते पाहा. त्यांनी ह्या प्रकाराला जे नाव दिले ते पाखरांच्या वागण्यावरून आलेले आहे. अनेकजण मिळून एकालाच टोचतात, तसे. १९९३ साली स्वीडनने असा छळ थांबविण्याची जबाबदारी मालकावर टाकणारा नियम केला. अमेरिकेतही १९८६ साली ज्युडिथ मायस्नर ह्या नर्सबाईंनी एक लेख लिहून आपल्याच भगिनींना उघड विचारले, की आपण आपलीच पिल्ले खातो आहोत का? त्याआधी १९८३ साली रॉबर्ट्स ह्या बाईंनी लिहिले होते, की ज्यांना वरून दाबले जाते ते वर बोलू शकत नाहीत, म्हणून आपल्यातच एकमेकांना दाबतात. आपल्या म्हणीतल्या वड्याने आणि वांग्याने हे कधीच सांगितले होते. पण त्यांनी ते शास्त्र म्हणून मांडले.

वर बोलता येत नाही असे का, ह्याचे उत्तर मुंबईत २०११ साली दिसले. तिथल्या एका खाजगी रुग्णालयात केरळातून आलेल्या एका तरुण नर्सने आत्महत्या केली. तिला नोकरी सोडायची होती, पण कराराचे पैसे भरल्याशिवाय तिची प्रमाणपत्रे मिळत नव्हती असे तिच्या सोबतिणींनी सांगितले, आणि त्या काम बंद करून बाहेर आल्या. ते लोण पुढे केरळपर्यंत गेले. २९ जानेवारी २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाजगी दवाखान्यांतल्या नर्सेसच्या पगाराचा आणि कामाचा विचार करायला समिती नेमण्यास सांगितले. ५० खाटांपेक्षा लहान दवाखान्यातसुद्धा महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी पगार असू नये, असे त्या समितीने सुचविले. लष्करातल्या एका नर्स अधिकारी बाईंना तर १९८८ साली लग्न केले म्हणून घरी पाठविले होते. त्यांना ६० लाख रुपये भरपाई द्यावी असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली दिला. न्याय मिळाला खरा, पण मध्ये ३६ वर्षे गेली.

नर्स नव्हे, पण दवाखान्यातलीच आणखी एक मुलगी आठवते. जळगावकडच्या डॉ. पायल तडवी ह्या आदिवासी घरातून पुढे येऊन मुंबईच्या नायर रुग्णालयात वरचे शिक्षण घेत होत्या. २२ मे २०१९ रोजी त्यांनी जीव दिला. जातीवरून हिणवून छळ केल्याच्या आरोपावरून त्यांच्या तीन वरिष्ठ डॉक्टरांवर खटला झाला. त्या तिघीही बायकाच. खरेखोटे ठरविणे कोर्टाचे काम. पण "बायकांमध्ये बाईला कसली भीती?" असे म्हणण्याची सोय ह्या प्रकरणाने उरली नाही.

इतके वाचून कोणाला वाटेल, की बायकाच बायकांच्या वैरिणी. मला ते वाक्य मान्य नाही, आणि का नाही ते सांगायला मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाचीच गोष्ट पुरे. अरुणा शानबाग ही उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हळदीपूरची मुलगी तिथे नर्स होती. तिथल्या एका सफाई कामगाराला ती त्याच्या गैरवागणुकीबद्दल बोलली आणि तक्रार करीन म्हणाली. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याने तिच्या गळ्याला कुत्र्याची साखळी आवळून तिच्यावर अत्याचार केला. वय अवघे २५. मेंदूला इजा झाली, ती पुन्हा कधी उठली नाही. गुन्हा चोरीचा आणि खुनाच्या प्रयत्नाचा धरला गेला, आणि सात वर्षांच्या शिक्षेवर तो सुटला. त्या वेळी मुंबईच्या नर्सेसनी संप केला. पुढे महापालिकेने तिची खाट रिकामी करून घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा के. ई. एम. च्या नर्सेस आडव्या उभ्या राहिल्या. ४२ वर्षे त्यांनी तिला न्हाऊमाखू घातले, भरविले, कूस बदलली. इतकी वर्षे अंथरुणावर असून तिच्या अंगावर खाटेच्या जखमा नाहीत, ह्याची नोंद सर्वोच्च न्यायालयापुढे झाली. तिला मरण द्यावे अशी मागणी झाली तेव्हा ह्या नर्सेस नको म्हणाल्या, आणि ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने त्यांचे म्हणणे मानले. १८ मे २०१५ रोजी ती गेली. तोवर जिने अरुणाला धडधाकट पाहिले होते अशी क्वचितच कोणी नोकरीत उरली असेल. एका पिढीने दुसरीच्या हाती तिला सोपविले होते.

ह्यावरून मी एवढेच समजले, की थोरलीकडून धाकटीकडे जाच जातो तशीच मायाही जाऊ शकते. हात तेच, पायऱ्याही त्याच. कोणते पुढे द्यायचे हे मधली बाई ठरविते. फक्त तिला वरून आधार हवा.

कायदा काय म्हणतो तेही भगिनींनी माहीत करून घ्यावे. आपल्या राज्यात १९९९ पासून रॅगिंगविरुद्ध कायदा आहे. तो नर्सिंगच्या विद्यालयांनाही लागू पडतो. तक्रार आल्यावर मुख्याध्यापकांनी सात दिवसांत चौकशी करावयाची असते, आणि गुन्हा शाबीत झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद आहे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे स्त्रियांच्या तक्रारींसाठी समिती पाहिजे, पण ती लैंगिक छळापुरती. शिकून नोकरीला लागलेल्या मुलीला कोणी नुसते टोमणे मारून, वाळीत टाकून खचविले, तर त्यासाठी वेगळा असा कायदा नाही. तिथे वही, सोबतीण आणि भिंतीवरचा तक्ताच कामाला येतो.

आपण घरी बसून काय करायचे, असे कोणी विचारील. आपल्या गल्लीतून हल्ली कितीतरी मुली नर्सिंगला जातात. त्यांच्या आयांना माझी विनंती आहे. मुलगी सुट्टीवर आली की पगार किती हे विचारण्याआधी, डबा कोणाबरोबर खातेस ते विचारा. "सगळीकडे असेच असते, सोस" असे म्हणू नका. झाकली मूठ सव्वा लाखाची असली तरी मुलीच्या जिवाचे मोल त्याहून मोठे आहे. रात्रपाळी करून आलेल्या शेजारणीला सकाळी झोपू द्या. नातलगांना भेटायला दवाखान्यात गेलो की डॉक्टरांपुढे हात जोडून नर्सवर आवाज चढवायचा, ही आपली सवय सोडली पाहिजे. आपण चढविलेला तो आवाजही वॉर्डातल्या सर्वांत धाकट्या मुलीवर जाऊन पडतो. आणि ज्यांच्या लेकी-सुना आता सिस्टर झाल्या असतील, वॉर्डाचा तक्ता ज्यांच्या हाती असेल, त्यांनी एकदा मुलीजवळ बसून विचारावे, की तो खणात आहे की भिंतीवर.